व्होल्ट आणि अँपिअर मोजून ओहम आणि वॅट कसे काढायचे: घर, कुलर आणि विहिरीवरची मोटर

मीटरने दोन आकडे मोजता येतात, व्होल्ट आणि अँपिअर. त्यांच्यावरून आणखी दोन काढायचे असतात: ओहम, म्हणजे त्या वस्तूचा रोध, आणि वॅट, म्हणजे ती ओढत असलेली पॉवर.

ओहम = व्होल्ट ÷ अँपिअर
वॅट = व्होल्ट × अँपिअर

पहिलं सूत्र जर्मनीच्या गेऑर्ग ओहम यांनी १८२७ साली मांडलं. दोन्ही सूत्रं एकमेकांत घातली की आणखी दोन मिळतात, आणि वावरात खरं काम तीच करतात:

वॅट = अँपिअर × अँपिअर × ओहम
वॅट = व्होल्ट × व्होल्ट ÷ ओहम

गुणाकार-भागाकार मोबाइल करून देतो, चूक तिथे होत नाही. चूक होते सूत्रात घातलेल्या आकड्यात. सवयीने २३० धरलं जातं. पण रब्बीत हरभऱ्याला, गव्हाला पाणी सुरू झालं आणि एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी एकदम चालू झाल्या, की लाइनच्या शेवटच्या टोकाला १८० सुद्धा दिसतात. दुसरी चूक म्हणजे हीटरचा नियम मोटरीला लावणं. त्याकडे पुढे येऊ.

मीटर कोणता घ्यायचा

बाजारात मिळणारा साधा पिवळा डिजिटल मल्टिमीटर व्होल्ट आणि ओहम ठीक मोजतो. मात्र त्यातल्या बहुतेकांवर अँपिअर फक्त डीसीचे असतात. घरातली आणि मोटरीची वीज एसी असते, तिचे अँपिअर त्यावर मोजताच येत नाहीत. त्यासाठी क्लॅम्प मीटर लागतो, त्यालाच वायरमन टाँग टेस्टर म्हणतात. एकच घ्यायचा असेल तर व्होल्ट, ओहम आणि एसी अँपिअर तिन्ही देणारा क्लॅम्प मीटर घ्या. डीसी अँपिअरही देणारा थोडा महाग पडतो, पण सोलर पंप असेल तर तोच कामाचा.

क्लॅम्पचा जबडा एकाच वायरभोवती लावायचा. पूर्ण केबलभोवती लावला तर फेजचा जाणारा करंट आणि न्यूट्रलचा येणारा करंट एकमेकांना खाऊन टाकतात आणि मीटर शून्य दाखवतो. मीटर बिघडला म्हणून दुकानात परत आणले जाणारे कितीतरी मीटर असेच चांगले निघतात.

म्हणून मोजण्यापुरती एक एक्स्टेन्शन करून ठेवा. दीड मीटर तीन कोअरची अडीच एमएमची लवचीक केबल, एका टोकाला १६ अँपिअरचा टॉप (तीन पिनांचा प्लग), दुसऱ्या टोकाला बोर्डावर दोन सॉकेट. मध्यभागी वीतभर लांबीची फक्त बाहेरची साल काढायची. आतल्या तीन वायरींच्या इन्सुलेशनला पातं लागता कामा नये. लागलं तर तो तुकडा टाकून द्या, पट्टी गुंडाळून चालवू नका. आता फेजची वायर वेगळी धरून क्लॅम्प लावता येतो, आणि दुसऱ्या सॉकेटवर त्याच क्षणाचे व्होल्ट मोजता येतात.

टीव्ही, चार्जर असला लहान लोड असेल तर क्लॅम्पवर आकडा नीट येत नाही. तेव्हा तीच फेजची वायर जबड्यातून जितके वेढे घालता येतील तितके घाला आणि आलेल्या आकड्याला वेढ्यांनी भागा. वायर जबड्यातून पाच वेळा गेली आणि मीटरने १.५ दाखवलं, तर खरा करंट ०.३ अँपिअर.

पहिला हिशोब पाण्याच्या रॉडवर

शिकायला रॉड सगळ्यात सोपा, कारण त्यात नुसती नायक्रोमची तार असते. ती तापली तरी तिचा रोध जेमतेम काही टक्क्यांनी बदलतो.

१. रॉड प्लॅस्टिकच्या बादलीत खुणेपर्यंत बुडवा. बटण अजून बंद. मोजणाऱ्याच्या पायात कोरडी रबरी चप्पल हवी.
२. बोर्डाच्या दुसऱ्या सॉकेटवर व्होल्ट मोजा. मल्टिमीटरचा काटा एसी ७५०वर, २००वर नाही. समजा २०५ आले.
३. फेजच्या वायरीला क्लॅम्प लावा, मग बटण चालू करा.
४. अर्ध्या मिनिटाने व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही एकाच वेळी वाचा. समजा १९६ व्होल्ट आणि ५.६ अँपिअर.
५. बटण बंद, टॉप बाहेर, मगच पाण्यात हात.

रोध = १९६ ÷ ५.६ = ३५ ओहम.
पॉवर = १९६ × ५.६ = १०९८ वॅट.

रॉडवर १५०० वॅट छापलेलं असेल तर तो खोटा आहे असं लगेच म्हणू नका. १५०० हा आकडा २३० व्होल्टसाठी आहे. त्या हिशोबाने रोध यायला हवा २३० × २३० ÷ १५०० = ३५.३ ओहम. आपला ३५ आला, म्हणजे रॉड चोख आहे, व्होल्ट कमी आहेत. वॅट व्होल्टच्या वर्गाने घसरतात, त्यामुळे १५ टक्के व्होल्ट गेले की २७ टक्के पॉवर जाते. २० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ वर न्यायला १५०० वॅटला २३ मिनिटं लागतात, या १०९८ वॅटला ३२. बादलीतून हवेत जाणारी उष्णता वेगळी.

तोच हिशोब उलटा फिरवला की दुकानदार पकडता येतो. १५०० लिहिलेल्या रॉडचा रोध ५३ ओहम निघाला, तर तो १००० वॅटचाच आहे. हे तपासायला वीजही लागत नाही. टॉप काढून त्याच्या दोन पिनांवर मीटर ओहमच्या २०० रेंजला लावा. आधी मीटरच्या दोन्ही सुया एकमेकींना टेकवून पाहा. ०.३ किंवा ०.५ असं काही दिसेल, तो सुयांचा स्वतःचा रोध, तेवढा वजा करा. पिनांवर काहीच आकडा आला नाही तर आतली तार तुटली. आकडा ३५ च्या बराच खाली आला तर आतले वेढे एकमेकांना चिकटलेत किंवा नळीत पाणी शिरलंय, तो रॉड भंगारात. खारपाणपट्ट्यातल्या पाण्याने रॉडवर पांढरी खपली धरते. तिने ओहम बदलत नाहीत, पण उष्णता आतच कोंडते आणि तार जळते. खपली खरवडून काढण्यापेक्षा रॉड तासभर पातळ व्हिनेगरमध्ये ठेवलेला बरा.

या मोजणीत एक फुकटची माहिती आहे, ती बहुतेक जण सोडून देतात. रॉड लावण्याआधी २०५ होते, लावल्यावर १९६ झाले. म्हणजे ५.६ अँपिअर वाहताना ९ व्होल्ट वाटेत राहिले. ९ ÷ ५.६ = १.६ ओहम. हा डीपीपासून तुमच्या सॉकेटपर्यंतच्या सगळ्या वायरींचा, फ्यूजांचा आणि जोडांचा मिळून रोध. तेवढ्यात जाणारी पॉवर ५.६ × ५.६ × १.६ = ५० वॅट, आणि त्यातला मीटरच्या पुढचा भाग तुमच्या बिलात येतो. रॉड दोन-तीन वेळा चालू-बंद करून पाहा, कारण मधल्या वेळात शेजाऱ्याने चक्की सुरू केली तर आकडा फसवतो. दर वेळी जवळपास तेवढाच फरक आला तर खरा. नंतर हेच मीटरजवळच्या बोर्डावर करा. तिथे १ ओहम आला आणि मागच्या खोलीत १.६, तर ०.६ ओहम तुमच्या घरच्या वायरिंगमध्ये आहे.

क्लॅम्प नसेल तर घरच्या मीटरवरून

इलेक्ट्रॉनिक मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्याजवळ एका युनिटमागे किती वेळा ते छापलेलं असतं, पुष्कळदा ३२००. बाकी सगळं बंद करून एकच वस्तू चालू ठेवा. दिवा लुकलुकला की मोबाइलवर वेळ सुरू करा आणि तेव्हापासून पुढच्या १० लुकलुकींना किती सेकंद लागतात ते बघा.

वॅट = ३६,००,००० × लुकलुकी ÷ (छापलेला आकडा × सेकंद)

कुलरला १० लुकलुकींसाठी ७५ सेकंद लागले, तर ३,६०,००,००० ÷ (३२०० × ७५) = १५० वॅट. हा आकडा खरा, कारण बिलही यावरूनच येतं. आता त्याच कुलरला क्लॅम्प लावा. २२० व्होल्ट, ०.८ अँपिअर, गुणाकार १७६. मग २६ वॅट गेले कुठे? कुठेच नाही. कुलरच्या पंख्यात आणि पंपात मोटर आहे. मोटरीचा करंट व्होल्टच्या तालात चालत नाही, थोडा मागे राहतो, त्यामुळे नुसता गुणाकार खऱ्या वॅटपेक्षा जास्त येतो. १५० ÷ १७६ = ०.८५, हा त्या कुलरचा पॉवर फॅक्टर. एसीवर चालणाऱ्या प्रत्येक सिंगल फेज मोटरीसाठी सूत्र असं होतं:

वॅट = व्होल्ट × अँपिअर × पॉवर फॅक्टर

रॉड, शेगडी, इस्त्री, पिवळा बल्ब यांचा पॉवर फॅक्टर १, तिथे काही वेगळं करायचं नाही.

पिवळ्या बल्बाचा घोळ मात्र वेगळा. १०० वॅटच्या बल्बाचा रोध हिशोबाने २३० × २३० ÷ १०० = ५२९ ओहम यायला हवा. हातात धरून मीटर लावला तर ४० च्या आसपास येतो. दोन्ही बरोबर आहेत. टंगस्टनची तार थंड असताना आणि पांढरी होईपर्यंत तापलेली असताना तिचा रोध बारा-पंधरा पटींनी वेगळा असतो. म्हणूनच जुना बल्ब बटण दाबतानाच उडतो. एलईडी बल्बाला ओहमचा नियम लावूच नका, त्याच्या आत वायर नाही, सर्किट आहे.

विहिरीवरची मोटर: इथे नियम उलटा दिसतो

रॉडचे व्होल्ट कमी झाले की अँपिअरही कमी होतात. मोटरीचे व्होल्ट कमी झाले की अँपिअर वाढतात. कारण विहिरीतलं पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचं असतं, काम तेवढंच राहतं, मग व्होल्टमधली तूट मोटर करंट वाढवून भरून काढते.

५ एचपीची थ्री फेज मोटर घ्या. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण हा आकडा मोटरीच्या शाफ्टवरचा. ५ × ७४६ = ३७३०. मोटरीची कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर लाइनमधून ३७३० ÷ ०.७५ = सुमारे ४९७० वॅट ओढले जातात. म्हणजे तासाला जवळजवळ पाच युनिट. थ्री फेजचं सूत्र:

वॅट = १.७३२ × दोन फेजमधले व्होल्ट × अँपिअर × पॉवर फॅक्टर

४१५ व्होल्ट आणि पॉवर फॅक्टर ०.८ असताना अँपिअर = ४९७० ÷ (१.७३२ × ४१५ × ०.८) = ८.६. तेच व्होल्ट ३४० वर आले तर साडेदहा. मोटरीच्या नेमप्लेटवर करंट लिहिलेला असतो, शेवटी प्रमाण तोच. हा हिशोब फक्त अंदाज बांधायला.

८.६ चे साडेदहा म्हणजे दोनच अँपिअर वाढले, असं वाटतं. पण वाइंडिंग तापतं अँपिअरच्या वर्गाने. करंट १.२२ पट, तर उष्णता जवळजवळ दीडपट. अशा वेळी स्टार्टर वारंवार ट्रिप होतो, मग कोणीतरी ओव्हरलोड रिलेची चकती पुढे फिरवून देतो. मोटर चालू राहते आणि आठ-पंधरा दिवसांत रिवाइंडिंगवाल्याकडे जाते. रिले नेमप्लेटच्या अँपिअरवरच ठेवा. ट्रिप होत असेल तर व्होल्ट मोजा, व्होल्ट येईपर्यंत थांबा. एक फेज गेल्यावर उरलेल्या दोन फेजमध्ये करंट सुमारे १.७३ पट होतो, म्हणजे उष्णता तिप्पट. तिथे दिवसांची नाही, मिनिटांची गोष्ट असते. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बायपास करून मोटर चालवणं म्हणजे रिवाइंडिंगचे पैसे आधीच मोजून ठेवणं.

मोजताना तिन्ही जोड्यांमधले व्होल्ट घ्या आणि तिन्ही वायरींवर एकेक करून क्लॅम्प लावा, मोटर चालू असताना. व्होल्टमध्ये थोडाच फरक असला तरी अँपिअरमध्ये तो कित्येक पटींनी मोठा होऊन दिसतो. व्होल्ट जवळपास सारखे आणि एका वायरीचे अँपिअर मात्र बरेच वेगळे, तर दोष मोटरीत किंवा तिच्या केबलच्या जोडात. स्टार्टरमधल्या आउटगोइंग तीन वायरी सोडवून, मेन स्विच बंद असताना, दोन-दोन वायरींत ओहम मोजा. तिन्ही आकडे सारखे हवेत. ३.१, ३.१ आणि २.४ असे आले तर वाइंडिंग आतून शॉर्ट आहे.

या ओहमवरून करंट काढायला जाऊ नका. वाइंडिंग ३ ओहम आणि व्होल्ट ४१५, भागाकार केला तर १३८ अँपिअर येतात. तेवढा करंट कधीच वाहत नाही, कारण फिरती मोटर स्वतः उलटा व्होल्टेज तयार करून करंटला अडवते. गाळ-वाळूने इंपेलर (पंपातलं पाणी फेकणारं चाक) अडकला की हा उलटा व्होल्टेज जातो, आणि करंट नेहमीच्या पाच ते सात पट होतो.

कपॅसिटरचा फायदाही आकड्यात पाहता येतो. याच ५ एचपी मोटरीला स्टार्टरपाशी २ केव्हीएआरचा कपॅसिटर जोडला की पॉवर फॅक्टर ०.८ वरून ०.९४ च्या आसपास जातो आणि डीपीकडून येणारा करंट ८.६ वरून ७.३ वर येतो. युनिट फारसे कमी होत नाहीत, पण लाइनवरची व्होल्टची घसरण कमी होते. एका डीपीवरच्या सगळ्यांनी बसवला तर शेवटच्या टोकाच्या कास्तकाराला फरक दिसतो. क्लॅम्प कपॅसिटरच्या अलीकडच्या, म्हणजे लाइनकडच्या वायरीला लावा. मोटरीकडच्या वायरीत करंट तेवढाच राहतो, आणि मग लोक कपॅसिटर बोगस निघाला म्हणतात.

केबल किती एमएमची

इथे हिशोबाची सगळ्यात जास्त गरज आहे आणि इथेच तो कोणी करत नाही. तांब्याच्या लवचीक सबमर्सिबल केबलचा रोध १००० मीटरला साधारण असा: अडीच एमएमला ८ ओहम, ४ एमएमला ५, ६ एमएमला ३.३.

मीटरच्या खांबापासून मोटर २०० मीटरवर, सिंगल फेज दीड एचपी, करंट १० अँपिअर. करंट जातो आणि परत येतो, म्हणून तारेची लांबी ४०० मीटर धरायची. हे विसरलं की उत्तर निम्मं येतं.

अडीच एमएम: ८ × ०.४ = ३.२ ओहम. घसरण १० × ३.२ = ३२ व्होल्ट, वाया जाणारी पॉवर १० × १० × ३.२ = ३२० वॅट.
४ एमएम: २ ओहम, २० व्होल्ट, २०० वॅट.
६ एमएम: १.३२ ओहम, १३ व्होल्ट, १३२ वॅट.

खांबावर २१० असले तर अडीच एमएमच्या टोकाला मोटरीला १७८ मिळतात. त्यात मोटर आणखी करंट ओढते आणि घसरण आणखी वाढते. रोज सहा तास चालवली तर अडीच एमएमची केबल दिवसाला जवळजवळ दोन युनिट नुसती तापण्यात घालवते. ४ एमएमच्या केबलची जास्तीची किंमत त्यासमोर ठेवून बघा. शिवाय हे आकडे २० अंशांचे. मे महिन्यात उघड्या काळ्या मातीवर पडलेली केबल ६० अंशांवर गेली तर रोध आणखी १५-१६ टक्के वाढतो. केबल पाइपातून जमिनीखाली न्या, ट्रॅक्टरच्या वखरापासूनही वाचते.

थ्री फेजला हा त्रास पुष्कळ कमी. तिथे जाण्या-येण्याऐवजी एकेरी लांबी घेऊन १.७३२ ने गुणायचं. तेच २०० मीटर, ४ एमएम, ८.६ अँपिअर: १.७३२ × ८.६ × १ = १५ व्होल्ट, आणि तेही ४१५ मधले. ॲल्युमिनियमची वायर घेत असाल तर तेवढ्याच जाडीला तांब्याच्या सुमारे १.६ पट रोध धरा.

ढिला जोड

स्टार्टरचं एखादं टर्मिनल काळं पडलं, वायरीचं प्लॅस्टिक वितळलं, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. अर्धा ओहमचा जोड, १० अँपिअर: १० × १० × ०.५ = ५० वॅट, हरभऱ्याएवढ्या जागेत. सोल्डरिंगची ५० वॅटची कावी किती तापते ते आठवा.

हा अर्धा ओहम साध्या मीटरच्या ओहमवर पकडता येत नाही, सुयांचाच रोध तेवढा असतो. व्होल्टने पकडा. मोटर चालू असताना मीटर एसी व्होल्टवर ठेवून एक सुई जोडाच्या अलीकडे, दुसरी पलीकडे, त्याच फेजवर. चांगला जोड शून्याच्या जवळ दाखवतो. ५ व्होल्ट आले आणि क्लॅम्प १० अँपिअर दाखवतोय, तर ५ ÷ १० = ०.५ ओहम. किटकॅट फ्यूजची दोन्ही टोकं, मेन स्विचची पाती, स्टार्टरचे कॉन्टॅक्ट, सगळं असंच तपासता येतं. हे चालू लाइनवरचं काम आहे. हात कोरडे, पायाखाली लाकडी पाट, सुयांची टोकं सोडून बाकी भाग झाकलेला, आणि सराव नसेल तर वायरमनला करायला सांगून आकडे तुम्ही लिहा. डीपीवर हे करायचं नाही, ते लाइनमनचं काम. तांबं आणि ॲल्युमिनियम नुसतं पिळून जोडलेलं असेल तर दोष बहुतेक तिथेच सापडेल. एका पावसाळ्यात ते गंजतं. बायमेटल लग (एका बाजूला तांबं, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियम असलेली जोडणी) वापरा.

कुलरचा करंट आणि अर्थिंग

ओल्या हातापायाच्या माणसाच्या शरीराचा रोध १००० ओहमच्या आसपास धरतात. २३० ÷ १००० = ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. १० च्या वर गेलं की हात सुटत नाही, ५० ते १०० ला हृदय बंद पडू शकतं. आणि १६ अँपिअरच्या एमसीबीला (जास्त करंटला आपोआप पडणाऱ्या स्विचला) हे ०.२३ अँपिअर दिसतही नाहीत, तो पडणार नाही. कुंपणात सरळ लाइन सोडून रोही-रानडुक्कर अडवणाऱ्यांनीही हाच भागाकार करून पाहावा. तो गुन्हा तर आहेच.

अर्थिंग आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, तिचाही हिशोब लावा. अर्थिंगचा रोध २ ओहम असेल आणि कुलरच्या पत्र्याला फेज लागला, तर ११५ अँपिअर वाहतात आणि एमसीबी पडतो. २० ओहम असेल तर ११.५ अँपिअर. १६ चा एमसीबी शांतपणे चालू राहतो आणि पत्र्यावर जवळजवळ पूर्ण व्होल्ट उभे राहतात. आपल्याकडे ऐन कुलरच्या दिवसांत काळी माती सुकून भेगाळते आणि अर्थिंगचा रोध तेव्हाच वाढतो. खड्ड्यात कोळसा-मीठ भरलेलं असावं आणि उन्हाळाभर अधूनमधून पाणी टाकावं.

फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून तो पूर्ण पेटला की अर्थिंग चांगली, ही चाचणी फसवी आहे. बल्ब ५२९ ओहमचा, त्याच्यापुढे २० ओहम कुठे दिसणार? उलट अर्थची तार खाली तुटलेली असेल तर घरातल्या सगळ्या वस्तूंच्या पत्र्यांवर बल्बातून फेज येतो. अर्थ टेस्टरनेच मोजून घ्या. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) बसवा, वरच्या दोन्ही हिशोबांत वेळेवर पडणारी वस्तू तीच. त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा.

फवारणीचा बॅटरी पंप

पऱ्हाटीवर फवारायला वापरतात तो १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासाचा पंप. इथे डीसी आहे, त्यामुळे पॉवर फॅक्टरची भानगड नाही आणि पिवळा मल्टिमीटरही चालतो. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, काटा डीसी १० वर ठेवा, बॅटरीची एक वायर सोडवून मीटर मधे जोडा आणि पंप चालू करा. दहा सेकंदांत आकडा वाचा, जास्त वेळ ठेवू नका.

बंद असताना १२.७ व्होल्ट, चालू असताना १२.२, करंट २.५ अँपिअर. पॉवर १२.२ × २.५ = ३०.५ वॅट. घसरण ०.५ ÷ २.५ = ०.२ ओहम, बॅटरी ठीक आहे. हिशोबाने ८ ÷ २.५ = ३.२ तास चालायला हवा, पण लेड-ॲसिड बॅटरीवरचा ८ चा आकडा सावकाश २० तासांत रिकामी करण्यासाठीचा असतो. या करंटवर दोन-सव्वादोन तास धरा. चालू असताना व्होल्ट १०.५ वर कोसळले आणि करंट २ वरच राहिला, तर २.२ ÷ २ = १.१ ओहम. आता सुया बॅटरीच्या टर्मिनलवरच टेकवून पुन्हा व्होल्ट बघा. तिथेही १०.५ असतील तर बॅटरी संपली. तिथे १२ आणि मोटरीवर १०.५, तर बॅटरी बदलू नका, बटण आणि रेग्युलेटरचे जोड साफ करा, औषधाच्या ओलीने ते गंजलेले असतात.

काम झालं की लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत घाला. ती १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि पुढच्या वेळी कोणी तोच मीटर घरच्या सॉकेटला लावला, तर मीटर म्हणजे फेज-न्यूट्रलमध्ये टाकलेली उघडी तार होते. पुष्कळ स्वस्त मीटरांत त्या भोकाला फ्यूजही नसतो.